सभासद क्रमांक एक

मी एकदा एका भल्या माणसाला भरल्या सभेत, खांद्यावर शाल टाकून आणि गळ्यात झेंडूचा हार घालून, त्याच्याच कुळातून बाहेर काढलं. हेतू सत्काराचा होता. माझे बरेचसे गाढवपणे चांगल्या हेतूनेच झालेले असल्यामुळे हेतूचं कौतुक मला आता फारसं उरलेलं नाही. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि चाकणच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला होते. कोण किती वाजता आत आला, कुणाचा गेटपास संपला, हे बघण्यात माझा दिवस जायचा. दिवसभर फाटकावर बसणाऱ्या माणसाला हळूहळू सगळं जगच फाटक वाटायला लागतं. मला तर वाटायचं, की देवाने वेळेवर विचारलं असतं तर जन्ममरणाचं मस्टरसुद्धा मी नीट लावून दिलं असतं.

ज्यांना मी बाहेर काढलं ते सोपाननाना, उंबरखणे कुलमंडळाचे चिटणीस.

उंबरखणे हे माझ्या सासरचं आडनाव. मूळ गाव खेड तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी. तिथली माणसं कंपन्यांमागे खाली उतरली आणि भोसरी, चिखली, आकुर्डी अशी पसरत गेली. इतकी पसरली, की दोन उंबरखणे एकाच कंपनीत सहा वर्षं शेजारीशेजारी काम करत होते आणि एकमेकांना नुसतं "ओ राव" म्हणत होते. एका लग्नाच्या पंगतीत त्यांना कळलं, की आपण भाऊबंद आहोत. त्यातले एक नाना. पंगतीतून उठून हात धुतले आणि मंडळ काढलं, असं ते सांगायचे. मंडळाचं पहिलं काम वंशावळ जमवणं, दुसरं वर्षाची सभा घेणं आणि तिसरं, सभेच्या जेवणावरून रुसलेल्यांची समजूत काढणं. तिसऱ्या कामाला सर्वांत जास्त माणसं लागायची.

नाना टूलरूममध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावरही कंपनीचा निळा शर्ट त्यांनी सोडला नाही. खिशात टोक काढलेली पेन्सिल आणि सहा इंची पोलादी पट्टी. वंशावळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाड येतं, फांद्या, पानं, मुळाशी एखादा फेटेवाला. नानांची वंशावळ म्हणजे मशीनच्या भागाचं, त्यांच्या भाषेत 'जॉब'चं, ड्रॉइंग होतं. ट्रेसिंग पेपरवर बारीक, सरळ रेघा आणि खाली उजव्या कोपऱ्यात चौकट. चौकटीत रिव्हिजनचा आकडा. कुणाकडे बारसं झालं की रिव्हिजन वाढायची. कुणी वारलं की त्याच्या नावापुढे मुंगीएवढ्या अक्षरात लिहायचे, 'निवृत्त'.

मी एकदा म्हटलं, "नाना, कैलासवासी लिहायची पद्धत आहे."

"कैलासात पोचला का न्हाई ते आपुन बघितलंय का? कामावरनं सुटला, एवढं नक्की."

चिखलीत त्यांचं घर चारी बाजूंनी वर्कशॉपांनी वेढलेलं. दिवसभर लेथ चालायची. तुमच्या पणजोबांबद्दल बोलता बोलता नाना मध्येच बोट वर करून थांबायचे, कान द्यायचे आणि म्हणायचे, "तिसऱ्या शेडचं बेअरिंग खराब व्हाया लागलंय." मग चपला घालून सांगून यायचे आणि पणजोबा जिथे सोडले होते तिथूनच पुढे उचलायचे. सभेतही तसंच. अध्यक्ष दादासाहेब हे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. बोलायला लागले की त्यांना कागद पुरत नसे. ठरलेली वेळ संपली की नाना मागे जाऊन निवांतपणे सतरंज्या गुंडाळायला लागायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "शिफ्ट सुटली."

मंडळात मी सहचिटणीस झाले ती पहिली बाई म्हणून. ह्या गोष्टीचा मला किती गर्व होता ते मी नातीलाही सांगत नाही. रविवारी सकाळी नानांच्या जुन्या स्कूटरवर मागे बसून आम्ही सभासदत्वाचे फॉर्म भरून घ्यायला निघायचो. एकदा पिंपळे सौदागरला, बाराव्या मजल्यावर, एका मोठ्या अधिकाऱ्याकडे गेलो. त्यांनी वडील, आजोबा, पणजोबा अशी नावं धडाधड सांगितली.

"आजीचं नाव?" नानांनी विचारलं.

"आम्ही आजीच म्हणायचो."

"तसं कसं लिवू?"

"ते एवढं महत्त्वाचं आहे का?"

नानांनी पेन्सिल खिशात ठेवली. "साहेब, एकाच बाजूचं माप घिऊन जॉब व्हत न्हाई. पुढल्या रविवारी येतो."

पुढल्या रविवारी साहेबांना नाव मिळालेलं नव्हतं. त्याच्या पुढल्या रविवारी साहेब घरी नव्हते. तिसऱ्या वेळी बेल वाजवायच्या आत दार उघडलं, आणि परीक्षेचा निकाल सांगावा तसं साहेब म्हणाले, "चंद्रभागा. गावाकडच्या आत्याला फोन करून विचारलं." नानांनी ते नीट लिहून घेतलं आणि आत हाक मारली, "वैनी, जरा भायेर या. तुमचं म्हायेरचं नाव सांगा. तुमच्याबिगर कागद पुरा व्हत न्हाई."

परतताना मी माझं टाइम ऑफिसचं शहाणपण पाजळलं. तीन फेऱ्या कशाला, रकान्यात 'लागू नाही' लिहून फॉर्म दाखल करता आला असता. नानांनी स्कूटर हळू केली आणि मान न वळवता विचारलं, "आई कुनाला लागू न्हाई?"

मी गप्प बसले. पण गप्प बसणं म्हणजे शिकणं नव्हे, हे पुढच्याच महिन्यात सिद्ध झालं.

झालं असं, की रावेतच्या एका जागा विकणाऱ्या एजंटाने सभासद व्हायला अर्ज केला. आडनाव आमचंच सांगत होता, गाव भलतंच. त्याला कुळ नको होतं, सभासदांच्या फोननंबरांची यादी हवी होती. त्याला अडवायला मंडळाच्या घटनेत काहीच नव्हतं. मग मी कंबर कसली. कंपनीच्या गेटपासचा नियम समोर ठेवला आणि त्याच्यावरून कलम चार लिहून काढलं: 'सभासदत्व फक्त उंबरखणे कुळात जन्मलेल्या अथवा विवाहाने कुळात आलेल्या व्यक्तीस, तीन पिढ्यांच्या पुराव्यासह मिळेल.' पुढे कलम सातही लिहिलं, की पदाधिकारी सभासदच असला पाहिजे. कार्यकारिणी खूश. दादासाहेब तर म्हणाले, अशी भाषा आता कचेऱ्यांतही राहिलेली नाही.

नानांनी कागद तीनदा वाचला. "सूनबाई, आईबरूबर आलेलं लेकरू असंल तर?"

"म्हणजे?"

"बाईनं दुसरं लगीन केलं. पयल्या घरचं पोर कडेवर आनलं. ते ह्यात कुठं बसतं?"

मी हसले. ते हसू मला आजही ऐकू येतं, म्हणून मी हल्ली हसताना तोंडावर हात धरते. "नाना, आपल्यात असं कुठे असतं? आणि असलंच तर ते पोर आपल्या बापाच्या मंडळात जाईल."

"बराबर," नाना म्हणाले, आणि चिटणीस म्हणून खाली सही केली. सही करताना त्यांचा चेहरा कसा होता हे मला आठवत नाही. आठवायला मी बघायला तर हवं होतं.

एजंट बाहेर राहिला. मी महिनाभर गड जिंकल्यासारखी वावरले.

त्याच वर्षी कुलवृत्तांत छापायला घेतला. प्रूफं माझ्याकडे आली. सहाशेच्या वर नावं मी एकेक करून तपासली आणि शेवटी माझ्या लक्षात आलं, की एकच नाव नाही. नानांचं. वडील धोंडिबा आहेत, आई अनुसाबाई आहे, त्यांच्याखाली दोन मुलगे आहेत, आणि सोपान कुठेच नाही. आता, जो माणूस सगळ्यांना 'आधी माप, मग मत' म्हणत फिरतो, तो स्वतःचं नाव विसरेल का, असा विचार पोलिसपाटलाच्या म्हशीनेसुद्धा केला असता. मी केला नाही. मला वाटलं, केवढा हा विनय. माझे डोळे भरून आले. डोळे भरून आले की मला नीट दिसत नाही, तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही.

मी कुणाला न सांगता दहा फुटी फ्लेक्स करून घेतला. सगळी वंशावळ आणि धोंडिबांच्या नावाखाली लाल रंगात तिसरी रेघ: सोपान. आमचे हे म्हणाले, "एकदा त्यांना विचारून घे." मी म्हटलं, "विचारलं तर सरप्राइज कसलं?"

सभा चिंचवडच्या एका शाळेच्या सभागृहात होती. मी भाषण केलं. 'ज्यांनी सगळ्यांना जागा दिली आणि स्वतःची जागा मात्र विसरले' असं एक वाक्य त्यात होतं. ते मी आरशासमोर पाठ केलं होतं. नानांना स्टेजवर बोलावलं, शाल दिली, हार घातला, आणि पडदा ओढला. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत बयाआत्या होत्या, धोंडिबांच्या सख्ख्या बहीण, पंच्याऐंशीच्या पुढच्या. कानाने कमी, म्हणून आवाज मोठा. त्या शेजारणीला समजावून सांगावं तसं म्हणाल्या, "धोंडिबाला दोनच पोरं. ह्यो अनुसाबरूबर आला. येवढासा व्हता."

टाळ्या थांबल्या. मागच्या दोघांना ऐकू गेलं नव्हतं, ते जरा वेळ वाजवत राहिले.

दादासाहेब घाईने म्हणाले, "बरं, पुढचा विषय घेऊ." पण नानांनी माइक हातात घेतला होता.

"आत्या बराबर बोलली," ते म्हणाले. "मी चार वर्सांचा व्हतो. आईच्या कडेवर आलो. धोंडिबा बापानं शाळेत आपलं नाव लावलं, पोटच्या पोरासारखं वाढवलं. पर जन्म काय हितला न्हाई. आन् लगनानं बी मी ह्या कुळात आलेलो न्हाई." कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि सोडून दिली. नानांनी टेबलावरचं सभासदांचं रजिस्टर उघडलं, माझं कलम चार मोठ्याने, न अडखळता वाचलं, पट्टी लावली आणि पहिल्या नावावर रेघ मारली. "सभासद क्रमांक एक, रद्द. कलम सातपरमानं चिटणीसबी मोकळा झाला. सूनबाई, लिवून घे."

हार काढून टेबलावर ठेवला, रजिस्टर माझ्याकडे सरकवलं आणि ते बाजूच्या दाराने निघून गेले. त्यांना जा असं कुणी म्हटलं नाही. थांबा असंही कुणी म्हटलं नाही. सगळं सभागृह दुसरा कुणीतरी उठेल म्हणून वाट बघत बसलं. आणि मी काय करत होते? मी खरोखरच लिहून घेत होते. ते इतिवृत्त अजून माझ्याकडे आहे, अक्षर सुंदर आहे.

जरा वेळाने बयाआत्यांनी आजूबाजूला बघून विचारलं, "सोपान कुठं गेला? जेवायच्या आदीच?"

तीन आठवडे मी चिखलीच्या बाजूला फिरकले नाही. चौथ्या आठवड्यात गेले, पण माफी मागायला नाही. मी कागद घेऊन गेले. माझ्यासारख्या बाईला वाटतं, की चुकीच्या कागदावर उतारा म्हणून दुसरा कागद चालतो. त्यावर टाइप केलं होतं: 'सन्माननीय सभासद'.

नानांनी वाचला आणि परत दिला. "सन्माननीय म्हंजी भायेरचा. ज्याला घरात घ्यायचं नसतं त्याला वसरीवर खुर्ची देत्यात."

"मग तुमच्यापुरता अपवाद करू."

"माझ्यासाठी कलम वाकवू नगं."

"मग मी करू तरी काय?" हे मी थोडं रडत आणि बरंच चिडून विचारलं.

नाना थोडा वेळ शेजारची लेथ ऐकत बसले. "जॉब बसंना झाला की पयलं काय बघत्यात? ड्रॉइंग बराबर हाय का न्हाई. तू ड्रॉइंग केलंस, माप घ्याया गेलीच न्हाईस. जा. किती जन बसत न्हाईत ते मोजून ये."

मग मी रविवारी एकटीच निघायला लागले. इतके दिवस मी फॉर्म घेऊन हॉलमधल्या सोफ्यावर बसत असे. आता नानांसारखी आत हाक मारायला शिकले. पुरुषांना पणजोबांची जमीन किती होती ते माहीत असतं, पणजोबा आले कुठून ते बायकांना माहीत असतं. कुणी भाकरी थापता थापता सांगितलं, कुणी दार लोटून घेऊन. एकीचे सासरे दुष्काळात देवळापाशी ठेवलेले सापडले होते. एकीच्या घरी दिराचा मुलगा म्हणून वाढलेला खरं तर मजुरीला आलेल्या जोडप्याचा होता. आईबरोबर आलेलेच चार. माझ्या कलमात न बसणारे, नाना सोडून, सतरा निघाले, आणि त्यांची मुलंबाळं वेगळी.

सतरावं झालं त्या दिवशी घरी येऊन मी सासूबाईंना मोठ्या हुशारीने हा आकडा सांगितला. त्या मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "आपल्या घरचं धरलंस का?"

"आपल्या घरचं काय?"

"तुझे आजेसासरे. ते कुठले उंबरखणे? उंबरखण्यांच्या लेकीचं लेकरू. ती बाळंतपणात गेली, मामानं वाढवलं आणि आपलं आडनाव लावलं." आणि पुढची शेंग उचलली.

म्हणजे माझ्याच कलमाने आमचे हे बाद, माझी दोन्ही मुलं बाद, आणि ह्यांच्याशी लग्न करून कुळात आलेली मी, कलम चारची कर्ती, ती तर सर्वांत आधी बाद. एजंटाला हाकलताना मी फाटकाच्या बाहेरच उभी राहून फाटक लावून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर चिखलीला गेले. "नाना, मीपण बसत नाही."

"म्हाईत हाय."

त्यांनी ट्रेसिंग पेपर उलगडला आणि उजेडाकडे धरला. अठरा नावांशेजारी पेन्सिलचे अठरा ठिपके होते. सांगितल्याशिवाय दिसू नयेत इतके बारीक. आमच्या आजेसासऱ्यांच्या नावाशेजारीही एक.

"मग मी कलम आणलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"कुनाच्या घरातलं कुनी सांगायचं? ज्याचं त्यानं."

मी फ्लेक्स लावून काय केलं होतं, ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. नानांनी ट्रेसिंग पेपर पुन्हा गुंडाळून ठेवला.

नवं कलम चार एका ओळीचं झालं: 'घराने ज्याला आपलं म्हणून वाढवलं किंवा आणलं, तो कुळातला.' विशेष सभा बोलावली. मी उभी राहिले आणि आधी सांगितलं, की चालू नियमाप्रमाणे मी सभासद नाही, तेव्हा मला बोलायचा अधिकार नाही, अध्यक्षांनी परवानगी द्यावी. दादासाहेबांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. मग मी आजेसासऱ्यांची गोष्ट सांगितली. फक्त आमच्या घरची. बाकी सतरा माझ्या पिशवीत होती, पिशवी मी मांडीवर घट्ट धरून खाली बसले.

मला वाटलं, आपण आता सहकुटुंब बाहेर. मग चंद्रभागाबाईंचे नातू, ते बाराव्या मजल्यावरचे साहेब, उठले आणि म्हणाले, "माझ्या आजीने एक मूल सांभाळलं होतं. ते म्हणजे माझे वडील." त्यानंतर एकेक जण उठत गेला. अकरा जण बोलले. उरलेले सहा बोलले नाहीत, त्यांचं त्यांच्यापाशी. हात वर करून मतदान झालं आणि एकही हात खाली राहिला नाही. रावेतच्या एजंटाने पुन्हा अर्ज केला. पण त्याला आमच्यातल्या कुठल्या घराने वाढवलं ते त्यालाही सांगता येईना.

पुढच्या रविवारी फॉर्म घ्यायला मी बसले होते. रांगेत नाना. निळा शर्ट, हातात फॉर्म, त्यावर दोन सूचकांच्या सह्या. मी घाईघाईने उठले. "नाना, क्रमांक एक मोकळाच ठेवलाय."

"रद्द झालेला नंबर परत द्यायचा नसतो. रांगेतला दे."

सहाशे एकोणतीस मिळाला. आईच्या नावाचा रकाना त्यांनी स्वतः भरला. चिटणीसपद मात्र घेतलं नाही. ते माझ्या गळ्यात पडलं, आणि पुढे बरीच वर्षं तिथेच राहिलं.

त्यानंतरची वार्षिक सभा ही नानांची शेवटची सभा ठरली, हे तेव्हा आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. भिंतीवर नव्या रिव्हिजनचा कागद लावला होता, नानांनीच काढलेला. जेवायची वेळ झाली म्हणून सगळे बाहेर गेले होते. मी विसरलेली पर्स घ्यायला परत आले, तर नाना कागदासमोर एकटेच उभे होते. अनुसाबाईंच्या नावापासून निघालेली एक रेघ सोपानपर्यंत आली होती, तिच्यावरून ते बोट फिरवत होते. मी जवळ गेले. माफीची सहा वाक्यं मी वर्षभर पाठ केली होती, त्यातलं एकसुद्धा नीट आलं नाही. "नाना, त्या दिवशी मी..." एवढंच म्हणाले. त्यांनी बोट कागदावरून उचललं नाही. ते म्हणाले:

"माफी कशापायी? आई मरस्तवर मला सांगत राह्यली, कुनाला बोलू नगंस, हाकलून देतील. तू तर फ्लेक्स लावून सांगितलंस, आन् मी सोडून मला कुनी हाकाललं न्हाई. हे तिला कळाया पायजे व्हतं, सूनबाई."